एका उद्गारचिन्हाचा भार

हैदराबादच्या जामबागेत मराठी कानावर पडणं नवलाचं नाही. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणासाठी उभी राहिलेली विवेक वर्धिनी इथलीच. तिच्या फाटकातून बाहेर पडून पायी निघालं, तर कोठीची गुजराती गल्ली थोड्याच वेळात लागते. रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डरिंगची तार, पंख्याच्या मोटारी, सेन्सर असं सगळं तिथे सुटं मिळतं. इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं सामान घ्यायला याच गल्लीत येतात. अलीकडे त्यांच्या यादीत रास्पबेरी पाय असतो. हा तळहातावर मावणारा पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्याला सहसा हार्ड डिस्क नसते, नखाएवढ्या मेमरी कार्डावरच त्याचा संसार चालतो. त्या कार्डावर लिनक्स असतं, आणि लिनक्सच्या फाइली कुठे, कशा ठेवायच्या ते ठरवणारी फाइल सिस्टीम बहुधा एक्स्ट-४ असते.

जुलै २०२२मध्ये अशाच एका बोर्डावरून एक तक्रार लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे त्याच्या गाभ्याची, देखभाल करणाऱ्यांपर्यंत पोहोचली. तक्रार करणारे स्टेफान वारेन स्वतः कर्नलच्या कामात मुरलेले, रास्पबेरी पायसाठी वर्षानुवर्षं पॅच, म्हणजे कोडमधले बदल, लिहिणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. पायचं फर्मवेअर अद्ययावत करताना सुमारे १०० एमबी मजकूर कार्डावर लिहिला जातो. आधी या कामाला साधारण मिनिटभर लागायचं. कर्नलची ५.१८ आवृत्ती घातल्यापासून ते संपतच नाही. बोर्ड तोच, कार्ड तेच, बदललं होतं फक्त कर्नल.

अशा तक्रारीचं वजन तिच्या मोजमापात असतं. 'मशीन स्लो झालं' असं हजारो लोक म्हणतात. त्यातून दुरुस्ती निघत नाही, कारण कुठे हात घालायचा तेच कळत नाही. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत बारा-पंधरा हजार बदल असतात. पण चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती या दोन टोकांच्या मधोमध थांबून कर्नल बांधायचं, चाचणी घ्यायची, बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे, असं करत गेलं तर सुमारे चौदा फेऱ्यांत नेमका एक बदल हाती लागतो. या कष्टाच्या कामाला 'बायसेक्ट' म्हणतात. या वेळी संशयाची सुई ज्या बदलावर येऊन थांबली, त्याचा गाभा एका अक्षराएवढाही नव्हता. तिथे एक उद्गारचिन्ह वाढवलं होतं.

ते चिन्ह तिथे का आलं हे समजायला थोडं मागं जावं लागतं, आणि त्याआधी फाइल सिस्टीमचा दोष बाहेर कसा दिसतो ते पाहावं लागतं.

लिनक्सच्या मशीनवर 'टॉप' ही आज्ञा दिली की वरच्या ओळीत लोडचे तीन आकडे दिसतात. मागच्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांत मशीनवर किती कामांचा ताण होता, त्याची ती सरासरी. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची, टेनेक्स या प्रणालीपासूनची. युनिक्समध्ये या आकड्याचा अर्थ सरळ होता : प्रोसेसरवर चालू असलेली आणि प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामं. लिनक्सने ऑक्टोबर १९९३मध्ये त्यात एक भर घातली. माटियास उर्लिक्स यांनी पॅच पाठवला आणि डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंही लोडमध्ये मोजली जाऊ लागली. त्यांचा मुद्दा असा : वेगवान स्वॅप डिस्क काढून तिथे मंद डिस्क लावली तर मशीन उघडच रखडतं, पण लोडचा आकडा उलट खाली येतो. असा आकडा काय कामाचा? मूळ कारण लोक पुढे विसरले. ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७मध्ये जुनी कागदपत्रं खणून ते पुन्हा उजेडात आणलं.

या भरीचा परिणाम लिनक्स सांभाळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेला आहे. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, तरी लोड दहा, वीस, चाळीस. यादीत पाहावं तर काही प्रोसेस 'डी' या अवस्थेत, म्हणजे डिस्ककडे डोळे लावून बसलेल्या. त्यांना मारताही येत नाही. दोष फाइल सिस्टीममध्ये असला की तो दोन वाटांनी बाहेर येतो. एकतर कामं अशी 'डी'मध्ये साचतात, नाहीतर जागेच्या शोधात फाइल सिस्टीमच प्रोसेसर खात बसते. आकडा दोन्ही वेळा चढतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान करू पाहणारा हमखास चुकीच्या दाराशी जातो.

एक्स्ट-४ डिसेंबर २००८मध्ये, कर्नल २.६.२८सोबत वापरायला पक्की म्हणून जाहीर झाली. टेड त्सो तिचे मुख्य देखभालकर्ते. तिच्यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग म्हणजे मोकळी जागा शोधून देणारा अॅलोकेटर. डिस्कचे ४ केबीचे ब्लॉक आणि अशा ३२,७६८ ब्लॉकांचा एक गट, म्हणजे १२८ एमबी. १६ जीबीच्या कार्डावर असे शंभरावर गट होतात. फाइल लिहायची वेळ आली की अॅलोकेटर योग्य मोकळी जागा असलेला गट शोधतो. लॉजचा मॅनेजर एकाच कुटुंबासाठी लागून असलेल्या चार खोल्या शोधतो, तसाच हा शोध. आधी हव्या तशा सलग खोल्या, त्या नसतील तर जवळपासच्या, आणि शेवटी मिळतील त्या. एक्स्ट-४मध्ये या उतरत्या अपेक्षांच्या पायऱ्यांना शून्य ते तीन असे क्रमांक होते, आणि प्रत्येक पायरीवर गट एकापाठोपाठ एक तपासले जात.

कार्डावर हा शोध क्षणात संपतो. पण ६५ टीबीची डिस्क असेल तर? तिथे गटांची संख्या पाच लाखांच्या घरात जाते. त्यातून डिस्क भरत आलेली आणि मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल, तर अॅलोकेटर पाच लाख दारं ठोठावतो आणि बहुतेक ठिकाणाहून रिकाम्या हाताने परततो. फाइल लिहायला निघालेला प्रोग्राम तोवर ताटकळतो.

या दुखण्यावर औषध शोधलं गूगलमधल्या हर्षद शिरवाडकर यांनी. एक्स्ट-४चं 'फास्ट कमिट' हे जर्नलचं हलकं रूपही त्यांचंच. त्यावरचा सौरभ कडेकोडी आणि टेड त्सो यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध २०२४च्या युझनिक्स परिषदेत आला. अॅलोकेटरसाठी त्यांनी सुचवलेली वाट अशी : प्रत्येक गटातला सर्वांत मोठा मोकळा तुकडा किती आहे, त्यानुसार गटांच्या वेगवेगळ्या याद्या करून ठेवायच्या. मोठी जागा हवी असेल तर थेट त्या यादीतला गट उचलायचा. दुसऱ्या पायरीसाठी गटांमधल्या मोकळ्या तुकड्यांच्या सरासरी आकारानुसार एक क्रमवार झाड राखायचं. पाच लाख दारांऐवजी एका यादीत हात घालायचा.

त्यांनी दिलेले चाचणीचे आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. ६५ टीबीची डिस्क मुद्दाम इतकी विस्कटली की तिच्यात कुठेही सलग २ एमबी जागा उरली नाही. मग तिच्यावर अवघी २० एमबीची फाइल तीनदा लिहिली. जुन्या पद्धतीने पहिल्या वेळी पाच मिनिटं लागली, पुढच्या दोन्ही वेळी सुमारे अडीच मिनिटं. नव्या पद्धतीने पहिल्या वेळी पावणेतीन मिनिटं, कारण गटांचे नकाशे एकदा तरी डिस्कवरून वाचून आणावेच लागतात. त्यानंतर मात्र एका सेकंदाच्या आसपास. हा बदल 'एमबी ऑप्टिमाइझ स्कॅन' या नावाने जून २०२१च्या ५.१३ आवृत्तीत आला, आणि सोळा किंवा जास्त गट असलेल्या, म्हणजे साधारण २ जीबीच्या वरच्या डिस्कवर तो आपोआप चालू होईल असं पुढे ठरलं.

आता उद्गारचिन्ह. एक्स्ट-४मध्ये फाइलींची नोंद दोन तऱ्हांनी होते. जुन्या तऱ्हेत ब्लॉकांची यादी असते, नव्या तऱ्हेत सलग पट्ट्यांची, जिला 'एक्स्टेंट' म्हणतात. जुन्या तऱ्हेच्या फाइलींना डिस्कच्या दूरच्या भागातले मोठे ब्लॉक क्रमांक लिहिताच येत नाहीत, म्हणून त्यांना नव्या शोधातून वगळणं भाग होतं. ही वगळण्याची अट कोडमध्ये एका ओळीची होती, आणि ती उलटी पडली. फाइल एक्स्टेंटची असेल तर नवा शोध वापरू नये, असा तिचा अर्थ झाला. आजच्या जवळजवळ सगळ्या फाइली एक्स्टेंटच्या असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी सुधारणा केली, त्यांनाच ती मिळत नव्हती.

कुठलंही मशीन बिघडलं नाही, कुणाचा डेटा गेला नाही, म्हणून वर्षभराच्या आसपास कुणाच्या लक्षातही आलं नाही. बंद पडलेल्या सुधारणेचा आवाज होत नाही. आयबीएममधल्या ओजस्विन मुजू यांना ती अट दिसली. सी भाषेत अटीपुढे उद्गारचिन्ह ठेवलं की 'नसेल तर' असा अर्थ होतो. त्यांनी ते ठेवलं, विस्कटलेल्या डिस्कवर फरक मोजून दाखवला, आणि मे २०२२च्या ५.१८ आवृत्तीत दुरुस्ती आली. दुरुस्ती शंभर टक्के बरोबर होती. तिने केलं एवढंच की वर्षभर झोपलेलं यंत्र जगभरातल्या मशीनवर एकदम जागं केलं, आणि दोन महिन्यांत वारेन यांच्या बोर्डावर कार्ड रखडलं.

ज्या बदलाने ६५ टीबीची डिस्क धावू लागली, त्याच बदलाने १६ जीबीचं कार्ड का अडावं? उत्तर कार्डाच्या पोटात आहे. फ्लॅशवर आधीच्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. एक मोठा पट्टा आधी पुसावा लागतो, मग त्यावर लिहिता येतं. स्वस्त कार्डातला छोटा कंट्रोलर एका वेळी असे मोजकेच पट्टे उघडे ठेवू शकतो. एकाच भागात ओळीने लिहीत गेलं तर त्याला सोपं जातं. कधी इथे, कधी तिथे, कधी तिसरीकडे असं लिहू लागलं की प्रत्येक उडीला त्याला जुना पट्टा मिटवून नवा उघडावा लागतो. नवा अॅलोकेटर नेमकं हेच करत होता. मोठ्या डिस्कला त्याचं काही वाटत नव्हतं, कार्डाचा मात्र श्वास कोंडत होता.

त्या फैलावामागची यंत्रणा उलगडण्याचं काम सूझमधल्या यान कारा यांनी केलं. ते वाचताना जाणवतं की दोष एका ओळीत नव्हता. प्रत्येकी निरुपद्रवी दिसणाऱ्या चार-पाच सवयी एकत्र आल्या होत्या.

पहिली सवय. फाइल जिथे सुरू झाली त्याच गटात आधी जागा पाहायची, हा जुना शिरस्ता होता. नवा शोध तो ओलांडून थेट यादीकडे धावत होता. त्यामुळे फाइल आपल्या नोंदीपासून आणि आधीच्या तुकड्यापासून दूर पडत होती. कारांच्या मोजणीत एका नेहमीच्या चाचणीचा वेग यामुळे आठ टक्क्यांपर्यंत घटत होता. काही फ्लॅश साठ्यांवर तर पुष्कळ छोट्या फाइलींचं पुडकं उलगडायला सुमारे पाचपट वेळ लागत होता.

दुसरी सवय जास्त फसवी होती. एखाद्या गटातून जागा दिली की तो गट आपल्या यादीतून काढून शेवटी लावला जाई, त्याच्यातला सर्वांत मोठा तुकडा तेवढाच राहिला असला तरीसुद्धा. परिणाम असा की पुढची मागणी पुढच्या गटाकडे, त्यापुढची त्याच्याही पुढच्या गटाकडे. सगळ्या गटांना पाळीपाळीने काम मिळत होतं. माणसांमध्ये ही न्यायबुद्धी ठरली असती, फ्लॅशच्या कार्डावर ती छळ ठरली. कारांनी अट घातली : मोठ्या तुकड्याचा आकार खरोखर बदलला तरच गट हलवायचा.

तिसरी सवय नव्या फोल्डरांना डिस्कभर पसरवण्याची. तिचे नियम आताच्या मोठ्या गटसमूहांसाठी उगाच कडक होते, ते सैल केले. चौथी छोट्या फाइलींची. अशा फाइली शेजारी शेजारी रचण्याची सोय आधीपासून होती, पण फाइल लिहून बंद केलेली असेल तर ती सोय वापरली जात नव्हती. खरं तर बंद झालेली छोटी फाइल आणखी वाढणार नाही, म्हणून शेजारी रचायला तीच सर्वांत योग्य. पाचवा बदल सरासरी आकाराच्या त्या झाडाचा. प्रत्येक देवघेवीला झाड हलवावं लागे आणि जागेतल्या बारीकशा फरकानेही निवड दुसऱ्या गटावर उडी घेई. कारांनी झाड काढून टाकलं आणि दुप्पट-दुप्पट आकारांचे ढोबळ कप्पे केले. अचूक क्रमाची गरजच नव्हती, पुरेशी मोठी जागा बहुधा मिळेल असा गट सापडला की झालं. एवढ्या एका बदलाने मध्यम आकाराच्या फाइली उलगडताना वापरल्या जाणाऱ्या गटांची संख्या निम्म्यावर आली.

पाच पॅच, प्रत्येकासोबत कारण आणि मोजमाप. सप्टेंबर २०२२मध्ये ते पक्के झाले आणि २ ऑक्टोबरला आलेल्या ६.० आवृत्तीत गेले. पॅचच्या शेवटी कळवणारा आणि तपासणारा म्हणून स्टेफान वारेन यांचं नाव आहे, आणि ज्या बदलामुळे हे उद्भवलं त्याचा क्रमांकही आहे. कुणावर ठपका नाही. सुधारणा मागे घेऊन मोकळं होणं सगळ्यांत सोपं होतं, पण मग मोठ्या डिस्कवाले पुन्हा अडीच मिनिटांवर गेले असते. दोघांचंही भलं होईल अशी वाट शोधायला दोन-अडीच महिने दिले गेले, हे या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम.

या अॅलोकेटरने मशीनला वेठीला धरण्याची ही पहिली वेळ नव्हती. टेन्सेंटमधल्या एका अभियंत्याने २०२०मध्ये दुसरी गाठ दाखवली होती. फाइल वाढणार असा अंदाज बांधून एक्स्ट-४ तिच्यासाठी आधीच जागा राखून ठेवते, आणि त्या राखीव जागांची यादी बनते. मधे मोठ्या मोकळ्या जागा सोडून लिहिलेल्या विरळ फाइलींमध्ये ही यादी प्रचंड लांबते. प्रत्येक नव्या लेखनाला ती पहिल्यापासून चाळावी लागते, आणि प्रोसेसरचा वेळ प्रोग्रामपेक्षा कर्नलच जास्त खातं. त्या अभियंत्याने यादीला ५१२ची मर्यादा घातली. त्याच्या चाचणीत २.०५१ सेकंदांचं काम ०.४७१ सेकंदांत होऊ लागलं. ही मर्यादा म्हणजे तात्पुरता बांध होता. मुजू यांनी २०२३मध्ये, ६.४ आवृत्तीत, राखीव जागांची यादी काढून तिथे संतुलित झाड बसवलं आणि छाटणीचं कोड काढून टाकलं. इथे झाडच योग्य होतं, कारण हव्या त्या जागी थेट पोहोचायचं होतं. कारांनी जिथे झाड काढलं, तिथे ढोबळ कप्पे पुरेसे होते. साधन तेच, दोन ठिकाणी उलटा निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

ऑगस्ट २०२३च्या ६.५ आवृत्तीनंतर तक्रारींची नवी लाट आली. या वेळी साध्या फिरत्या हार्ड डिस्क होत्या. डिस्कवर थोडंसं लिहिलं तरी पार्श्वभूमीला लेखन करणारा कर्नलचा एक थ्रेड शंभर टक्के प्रोसेसर खात बसे, तोही तासन् तास. पीडितांमध्ये एक गोष्ट सारखी होती. त्यांच्या फाइल सिस्टीमवर 'स्ट्राइप' नावाचा एक आकडा नोंदलेला होता. अनेक डिस्क एकत्र जोडताना लेखन ठरावीक मापाच्या पट्ट्यांत व्हावं म्हणून हा आकडा असतो. पण काही डिस्क आपलं माप चमत्कारिक सांगतात, आणि एकट्या डिस्कवरही ३२,७५२ ब्लॉक असा अवाढव्य स्ट्राइप नोंदला जातो.

गाठ अशी पडत होती : मागणी त्या मापाच्या पटीत असेल तर अॅलोकेटर गटात नेमक्या त्या मापावर सुरू होणारी जागा पाहतो. ती नसते. मग तो दुसरा गट निवडायला जातो, पण निवडीची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते, आणि हाती तोच गट येतो. तिथे जागा नाही, पुन्हा निवड, पुन्हा तोच गट. डिस्क जितकी मोठी तितकं हे चक्र लांब. मुजू यांनी डिसेंबर २०२३मध्ये यावर छोटा उपाय दिला : मापात बसणारी जागा नसेल तर दुसरीकडे न जाता त्याच गटात साध्या पद्धतीने मिळेल ती जागा घ्यायची. तो मार्च २०२४च्या ६.८ आवृत्तीत आला. पॅचच्या मजकुरात त्यांनी स्पष्ट लिहिलं की शोध मधूनच पुढे चालू ठेवण्याची अधिक चांगली रीत सापडेपर्यंतची ही सोय आहे. तोवर ज्यांना कर्नल बदलणं शक्य नव्हतं, त्यांनी माउंट करताना स्ट्राइप शून्य करून वेळ निभावली.

ती रीत २०२५मध्ये आली. ह्वावेमधल्या बाओकुन ली यांनी अनेक प्रोसेसर एकाच वेळी जागा मागत असतानाची कोंडी फोडायला अॅलोकेटरची पुनर्रचना केली. शिरवाडकरांच्या आणि कारांच्या याद्यांच्या जागी त्यांनी गटक्रमांकानुसार चालणारी रचना आणली. आता हव्या त्या आकाराचे गट सापडतातच, शिवाय ते चढत्या क्रमाने, ठरलेल्या गटापासून पुढे पाहता येतात. शोध जिथे थांबला तिथून पुढे जातो आणि त्याच गटावर पुन्हा आदळत नाही. सप्टेंबर २०२५च्या ६.१७ आवृत्तीत हे काम दाखल झालं.